आकाशाची वही

टिलबर्ग हे गाव आकाशासाठी कुणाला माहीत असण्याचे कारण नाही. हे मुळात लोकरीचे गाव. एकोणिसाव्या शतकात इथे घरोघरी माग होते, पुढे गिरण्या आल्या, १९६०नंतर त्या एकेक करून बंद पडल्या, आणि त्यांतल्याच एका गिरणीच्या इमारतीत आज वस्त्रसंग्रहालय आहे. आकाश म्हणाल तर ब्राबांटचे, म्हणजे वर्षातले निम्मे दिवस राखाडी. चांगली रात्र मिळाली तरी आजूबाजूच्या काचघरांचा नारिंगी उजेड ढगांवर चढतो.

मी या गावात बरीच वर्षे राहतो आणि मागच्या अंगणात आठ इंची दुर्बीण मांडून गुरू-शनी पाहतो. मंडळाच्या कार्यक्रमात हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "अवकाशयाने गुरूपर्यंत जाऊन आली, हबल दुर्बीण वर फिरते आहे, मग तुमच्या अंगणातल्या दुर्बिणीचा शास्त्राला काय उपयोग?" प्रश्न रास्त आहे. विचारणारे बहुतेक आपल्यासारखेच इंजिनिअर, डॉक्टर किंवा संगणकवाले असतात. त्यांना फुकाचे कौतुक चालत नाही. या प्रश्नाचे उत्तर ज्या देशात आपण राहतो त्याच्या इतिहासात आहे, आणि थोडे आपल्या स्वतःच्या इतिहासातही आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

लोकर विंचरणारा खगोलप्रेमी

लोकरीवरून निघालो आहोत तर फ्रीसलँडमधल्या एका लोकर विंचरणाऱ्याची आठवण आधी काढू. आइसे आइसिंगा हे त्याचे नाव आणि फ्रानेकर हे त्याचे गाव. ८ मे १७७४ रोजी बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि चंद्र आकाशात एकमेकांजवळ येणार होते. एका धर्मोपदेशकाने पुस्तिका काढून त्याचा संबंध जगबुडीशी जोडला आणि लोक घाबरले. १९६२च्या फेब्रुवारीतली अष्टग्रही ज्यांना आठवते, किंवा ज्यांनी आईवडिलांकडून तिच्याबद्दल ऐकले आहे, त्यांना हे वातावरण वेगळे सांगायला नको. त्या वेळी आपल्याकडे गावोगाव होमहवने झाली होती. आइसिंगाने दुसरा उपाय केला. आपल्या राहत्या घराच्या छतावर त्याने सूर्यमालेची चालती प्रतिकृती बांधायला घेतली. दहा लाख किलोमीटरला एक मिलिमीटर हे प्रमाण, लाकडी चाके, त्यांत ठोकलेले खिळे आणि एक लंबक. सात वर्षांनी, १७८१मध्ये ती पूर्ण झाली आणि आजही चालते. २०२३मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

त्या छतावर शेवटचा ग्रह शनी आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्लंडातल्या बाथ गावी विल्यम हर्शल नावाच्या एका व्यावसायिक वादकाने घराच्या बागेत, स्वतः घासलेल्या आरशाच्या दुर्बिणीतून युरेनस शोधला होता. म्हणजे एका हौशी माणसाने सूर्यमालेचे चित्र पुरे केले आणि दुसऱ्या हौशी माणसाने ते लगेच अपुरे ठरवले!

आइसिंगाने शास्त्रात नवी भर घातली असे कुणी म्हणणार नाही. पण त्याच्या घराशी जोडलेली एक अलीकडची गोष्ट या लेखाच्या मुद्द्याला धरून आहे. या तारांगणाचे एक माजी अभिरक्षक हौशी खगोल अभ्यासक होते. २०१२मध्ये एका खाजगी संग्रहातला काळा दगड त्यांच्या पाहण्यात आला. तो अशनी निघाला, तोही कार्बनयुक्त अशा दुर्मिळ जातीचा. दगडाबरोबर जपून ठेवलेल्या जुन्या नोंदीवरून तो २७ ऑक्टोबर १८७३ रोजी डीपनवेन या गावी पडल्याचे कळले. दगड तर तिथे सव्वाशे-दीडशे वर्षे होताच. सोबत ती नोंद नसती तर तो कुठला आणि कधीचा, हे सांगणे कुणाला शक्य झाले असते?

दोनशे वर्षांनी कामी आलेले चित्र

हॉलंडच्या खगोलशास्त्रातले सर्वांत मोठे नाव क्रिस्तियान हायगेन्स यांचे. हेगच्या एका वजनदार घराण्यातला हा तरुण तेव्हा कोणत्याही वेधशाळेत नोकरीला नव्हता. तो आणि त्याचा थोरला भाऊ मिळून घरीच भिंगे घासत. अशाच एका भिंगाच्या दुर्बिणीतून २५ मार्च १६५५ रोजी त्याला शनीचा उपग्रह टायटन दिसला. पण मला त्याचे दुसरे काम अधिक बोलके वाटते. २८ नोव्हेंबर १६५९ रोजी त्याने मंगळाचे एक छोटेसे चित्र काढले. वर्तुळ, आत एक काळसर डाग, आणि शेजारी तारीख-वेळ. आज त्या डागाला सिर्टिस मेजर म्हणतात. नंतर तो डाग साधारण त्याच वेळी पुन्हा तिथे आल्याचे पाहून हायगेन्सने लिहून ठेवले की मंगळाचा दिवस आपल्या दिवसाएवढाच, सुमारे चोवीस तासांचा असावा.

पुढे दोनशे वर्षांनी, १८६०च्या दशकात, लायडन वेधशाळेचे संचालक फ्रेडरिक कायझर यांना मंगळाच्या दिवसाची लांबी अचूक काढायची होती. एकाच ऋतूतली निरीक्षणे घेतली तर वेळेतली लहानशी चूकही हिशेबात मोठी होते. पण दोन निरीक्षणांमध्ये दोन शतकांचे अंतर असेल तर मधल्या सत्तर हजारांहून अधिक फेऱ्यांमध्ये ती चूक वाटली जाऊन नगण्य होते. कायझर यांनी स्वतःच्या चित्रांशेजारी हायगेन्सची जुनी चित्रे ठेवली आणि हिशेब मांडला. उत्तर आले २४ तास ३७ मिनिटे २२.६ सेकंद. आज अवकाशयानांनी मोजलेला आकडा याहून सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाही दूर नाही.

हायगेन्सला चित्रकला फार साधली होती असे नाही. त्याच्याहून सुंदर चित्रे नंतर शेकड्यांनी काढली गेली. त्याचे चित्र कामाला आले ते बाजूला लिहिलेल्या तारखेमुळे आणि वेळेमुळे.

मोठ्या दुर्बिणींना न जमणारे काम

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मोठ्या दुर्बिणी असताना लहान दुर्बिणी कशाला?

मोठी दुर्बीण ही मोठ्या रुग्णालयातल्या शल्यविशारदासारखी असते. तिची वेळ महिनोन्‌महिने आधी ठरते, अर्ज करावा लागतो, आणि मिळाली तर दोन रात्री मिळते. हबल दुर्बिणीतून बाहेरच्या मोठ्या ग्रहांचा एक नियमित कार्यक्रम २०१४पासून सुरू झाला. त्यातही प्रत्येक ग्रहाची पाळी वर्षातून एकदा. ग्रह मात्र रोज बदलतात. गुरूवर जमीन नाही. आपल्याला दिसतात ते ढग. त्यांचे पट्टे विरतात आणि पुन्हा उमटतात. २००९-१०मध्ये विषुववृत्ताच्या दक्षिणेचा जाड तपकिरी पट्टा जवळजवळ पुसला गेला आणि काही महिन्यांनी पुन्हा उसळून आला. अशा घटना आधी कळवून येत नाहीत. घरच्या डॉक्टरला जसा रोजचा ताप ठाऊक असतो, तसे ग्रहाकडे रोज पाहणारे कुणीतरी लागते.

शिवाय गुरू स्वतःभोवती दहा तासांहून कमी वेळात फिरतो. टिलबर्गला तो मावळतो तेव्हा त्याची दुसरी बाजू पाहायला अमेरिकेत कुणीतरी जागे हवे, मग ऑस्ट्रेलियात, फिलिपिन्समध्ये, भारतात. पगार देऊन अशी साखळी कोणत्या संस्थेने उभारली असती? ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही हौशींची संस्था १८९०मध्ये स्थापन झाली आणि तिचा गुरू-विभाग तेव्हापासून या नोंदी जमवत आला आहे. गुरूच्या वाऱ्यांचा शंभर वर्षांचा इतिहास आज सांगता येतो तो बव्हंशी बँकेत, शाळेत किंवा दवाखान्यात नोकऱ्या करणाऱ्या माणसांच्या रात्रपाळीमुळे. १९३३च्या ऑगस्टमध्ये शनीवरचे मोठे पांढरे वादळ प्रथम टिपणारा विल हे तर इंग्लंडातला लोकप्रिय विनोदी नट होता.

याचे गणित सोपे आहे. गुरू एका मिनिटात साधारण ०.६ अंश फिरतो. विषुववृत्तावर हे अंतर होते सुमारे साडेसातशे किलोमीटर. म्हणजे निरीक्षकाचे घड्याळ एक मिनिट चुकले तर त्याने मोजलेला ढग नकाशावर साडेसातशे किलोमीटर सरकतो, आणि त्यावरून काढलेला वाऱ्याचा वेगही चुकतो. म्हणूनच इथल्या हौशी मंडळींच्या बैठकीत (कॉफीबरोबर अर्थातच एकच बिस्किट) मी पहिले छायाचित्र दाखवले तेव्हा कुणी "वा, छान" म्हटले नाही. पहिला प्रश्न आला, "वेळ किती? आणि जागतिक वेळ ना?" उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे, हिवाळ्यात मागे, भारतात साडेपाच तासांचा फरक, या सगळ्या घोळातून सुटायला जगभरचे निरीक्षक ग्रिनिचची जागतिक वेळच लिहितात.

एका वेबकॅमची गोष्ट

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे काम डोळा, पेन्सिल आणि थोडेफार फोटोग्राफी यांवर चालले. नंतर जो बदल झाला त्याचे धागे आपल्या या परिसरात येतात.

टिलबर्गहून तीसेक किलोमीटरवर आइंडहोव्हन. तिथे १८९१मध्ये दिव्यांच्या कारखान्यापासून सुरू झालेली फिलिप्स कंपनी आपल्यापैकी अनेकांच्या या देशात येण्याचे कारण आहे. २०००च्या सुमारास या कंपनीचे 'व्हेस्टा' आणि मग 'टूयूकॅम' हे वेबकॅम बाजारात आले. आजी-आजोबांनी नातवंडांना संगणकावर पाहावे, इतकाच त्यांचा हेतू. पण त्यांत चांगल्या प्रतीची सीसीडी चकती होती. हौशी निरीक्षकांनी पुढचे भिंग काढून टाकले, कॅमेऱ्याच्या रोलची प्लास्टिकची डबी जोडली (ती दुर्बिणीच्या नळीत अगदी नेमकी बसते!) आणि वेबकॅम दुर्बिणीला लावला.

याने काय साधले? तापलेल्या डांबरी रस्त्यावरची हवा जशी थरथरते तसे आपले वातावरण नेहमीच थरथरत असते. जुन्या फिल्मवर एक-दोन सेकंद प्रकाश घेतला की त्या थरथरीत सगळे पुसट होई. वेबकॅम मात्र दोन-तीन मिनिटांत हजाराहून अधिक चित्रे घेतो. त्यांतली बहुतेक खराब असतात, पण काही क्षण हवा स्थिर असते आणि ती चित्रे लख्ख येतात. धान्य पाखडावे तशी ती निवडायची, एकमेकांवर अचूक बसवायची आणि त्यांतून बारकावे उठावदार करायचे. हे हाताने करणे अशक्य. नेदरलँड्समधल्या कॉर बेरेव्हूट्स यांनी यासाठी 'रेजिस्टॅक्स' ही संगणकप्रणाली लिहिली आणि २००२मध्ये जगाला फुकट दिली. पुढे एमिल क्राइकाम्प या दुसऱ्या डच हौशी निरीक्षकाने 'ऑटोस्टॅकर्ट' लिहिली, तीही फुकट. गेल्या वीस-बावीस वर्षांत अंगणातून घेतलेली ग्रहांची जी उत्तम छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील, त्यांतली बरीचशी या दोनपैकी एका चाळणीतून गेलेली आहेत. ज्या देशात महिनोन्‌महिने आकाश दिसत नाही तिथल्या माणसांनी मिळालेल्या चार स्वच्छ क्षणांचे सोने करण्याची युक्ती शोधली, यात नवल नसावे.

गुरूवरची काळी जखम

१९९४च्या जुलैमध्ये शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले ते आपण टीव्हीवर पाहिले. त्याच्या तीन शोधकर्त्यांपैकी डेव्हिड लेव्ही हौशी होते. ती टक्कर वर्षभर आधीच वर्तवली गेली होती. अशी घटना हजार वर्षांत एखादी, असे तेव्हा अनेकांना वाटले.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९ जुलै २००९च्या रात्री, ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या मरमबेटमन गावी अँथनी वेस्ली हे संगणक-व्यवसायातले गृहस्थ साडेचौदा इंची दुर्बिणीतून गुरूची चित्रे घेत होते. हवा फारशी चांगली नव्हती. मधेच ते घरात जाऊन टीव्हीवर थोडे क्रिकेट आणि गोल्फ पाहून आले. परत आले तर गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग फिरून समोर येत होता. त्यांनी स्वतःचीच दोन रात्रींपूर्वीची चित्रे काढून पाहिली. तिथे काहीच नव्हते. उपग्रहाची सावली असेल तर ती त्या जागी, त्या वेगाने असू शकत नव्हती. त्यांनी शास्त्रज्ञांना कळवले. हवाईतल्या नासाच्या अवरक्त दुर्बिणीने टकरीच्या खुणेला दुजोरा दिला आणि चार दिवसांत हबल दुर्बीणही तिकडे वळवली गेली.

या कथेत क्रिकेटचा भाग आपल्याला आवडतो, पण कळीचा भाग दोन रात्रींपूर्वीच्या चित्रांचा आहे. त्यांच्यामुळे 'इथे डाग आहे' या विधानाचे 'परवा नव्हता, आज आहे' असे विधान झाले.

पुढच्याच वर्षी, ३ जून २०१० रोजी, वेस्ली यांनी गुरूवर दोन सेकंदांची एक ठिणगी टिपली. एकट्याचे चित्र असते तर कॅमेऱ्यातला दोष म्हणून कुणीही सोडून दिले असते. पण त्याच क्षणी फिलिपिन्समधल्या सेबू बेटावर ख्रिस्तोफर गो यांच्या चित्रफितीतही तीच ठिणगी, त्याच जागी होती. दोन घड्याळे जुळली आणि पुरावा उभा राहिला. त्यावरून निघालेल्या शोधनिबंधात आदळलेली वस्तू साधारण ८ ते १३ मीटरची असल्याचे मांडले गेले, आणि लेखकांच्या यादीत हे दोन्ही हौशी निरीक्षक व्यावसायिक शास्त्रज्ञांच्या शेजारी होते. २०१६मध्ये नासाचे 'जुनो' यान गुरूपाशी पोचले तेव्हा तर पृथ्वीवरच्या हौशींची चित्रे योजनेचा भागच होती. यान दर ५३ दिवसांनी काही तास गुरूच्या अगदी जवळून जाई. त्याला एक चिंचोळी पट्टी बारकाईने दिसे. तिच्या आजूबाजूला काय चालले आहे ते अंगणातल्या दुर्बिणी सांगत.

आपल्याकडचा दृक्‌प्रत्यय

इथवर वाचून कुणी विचारील, यात आपण कुठे?

आपली परंपरा गणिताची. पण त्या गणिताला एक कसोटी होती आणि तिला सुंदर शब्दही होता: दृक्‌प्रत्यय. गणिताने सांगितलेला ग्रह आकाशात डोळ्यांना त्याच जागी दिसला पाहिजे. कोकणात मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे केशव दैवज्ञ पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्वतः वेध घेऊन जुने ग्रहगणित तपासत होते. त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी १५२०च्या सुमारास 'ग्रहलाघव' लिहिले आणि त्यावर पुढे कित्येक पिढ्यांची पंचांगे चालली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६च्या आपल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात केशव दैवज्ञांच्या वेधांबद्दल आवर्जून लिहिले आहे.

मात्र एक गोष्ट मनाला लागते. केरळच्या परमेश्वरांसारख्यांनी आपल्या ग्रहणांच्या नोंदी मागे ठेवल्या. पण एकंदरीत आपल्याकडे वेधांतून काढलेले सुधारलेले अंक टिकले आणि वेधांची तारीखवार वही फारशी टिकली नाही. उत्तर जपले, कच्चे काम गेले. मंगळाच्या दिवसासाठी कायझर यांना हायगेन्सचे चित्र मिळाले. नांदगावच्या किनाऱ्यावरून कोणत्या रात्री, कोणत्या घटकेला काय दिसले हे तसे आपल्या हाती असते, तर आज त्याचे मोल काय झाले असते!

याच परंपरेतले एक नाव आपल्या मंडळांत अधूनमधून निघते: व्यंकटेश बापूजी केतकर. जन्म १८५४, नरगुंदचा. उत्तर कर्नाटकात, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, बागलकोट परिसरात त्यांचे आयुष्य शिक्षकी पेशात गेले. फावल्या वेळात त्यांनी 'ज्योतिर्गणित'सारखे ग्रंथ लिहिले, पाश्चात्त्य ग्रहगणित आपल्या पद्धतीत आणले आणि पंचांगशोधनाच्या वादात टिळकांसारख्यांच्या मतापेक्षा वेगळा, चित्रा पक्ष हिरिरीने मांडला. १९११मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांचे एक टिपण छापून आले. ही संस्था कामीय फ्लामारियाँ यांनी १८८७मध्ये स्थापन केली आणि तिची दारे हौशींना खुली होती. टिपणात केतकरांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे म्हटले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. ब्रह्माचे अंतर त्यांनी दिले पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट, आणि प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षे.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी प्लूटो सापडला. अंतर सुमारे ३९.५ पट, प्रदक्षिणा सुमारे २४८ वर्षांची. शोधणारा क्लाइड टॉम्बॉ कॅन्ससच्या शेतावरचा मुलगा. घरी बनवलेल्या दुर्बिणीतून काढलेली गुरू-मंगळाची चित्रे त्याने लॉवेल वेधशाळेला पाठवली आणि त्या चित्रांवरच त्याला तिथे नोकरी मिळाली. केतकर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले.

"प्लूटोचे भाकीत एका मराठी माणसाने केले होते," हे वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो. ते कितपत खरे आहे? गुरूच्या तीन उपग्रहांचे प्रदक्षिणाकाल १:२:४ अशा प्रमाणात बांधलेले आहेत. तसेच प्रमाण युरेनस, नेपच्यून आणि पलीकडच्या ग्रहांत असावे, या कल्पनेवर केतकरांचा हिशेब उभा होता.  प्लूटो प्रत्यक्षात नेपच्यूनशी २:३ प्रमाणात आहे. विष्णू तर कधीच सापडला नाही. प्लूटो इतका लहान निघाला की २००६मध्ये त्याला मुख्य ग्रहांच्या यादीतूनही काढले. तेव्हा याला पक्के भाकीत म्हणता येणार नाही. अंतराचा आकडा जवळ आला, तो बराचसा योगायोग.

असे म्हटले की काही मंडळी नाराज होतात. मला मात्र यात केतकरांचा मोठेपणा कमी झालेला दिसत नाही. त्यांनी ऋषिमुनींना सगळे ठाऊक होते असे मोघम विधान केले नाही. दशांशापर्यंतचे आकडे लिहिले, ते परक्या देशातल्या पत्रिकेला पाठवले, आणि जो कुणी पुढे येईल त्याने तपासावे म्हणून छापून मागे ठेवले. शंभर वर्षांनी आपण ते कुठे जुळले आणि कुठे नाही हे बोटाने दाखवू शकतो, ते त्यांनी नोंद केली म्हणूनच. खोटे ठरण्याची जोखीम घेऊन आपले काम दुसऱ्याच्या हाती देणे, हीच हायगेन्सच्या चित्रामागची आणि वेस्लींच्या चित्रफितीमागची रीत आहे. बागलकोटच्या मास्तरांना त्या पंक्तीत बसवायला प्लूटोच्या श्रेयाची गरज नाही.

आपण काय करावे

ही रीत महाराष्ट्रात पुढे चालू आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून काम करते आहे, आणि टिळक स्मारक मंदिरात तिची वेधशाळा आहे. हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले आणि वांगणीला रात्रीच्या आकाशदर्शनाला शेकडो मुलांना घेऊन गेले.

आणि एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, जी इथल्या डच मित्रांना हेवा वाटावी अशी. २०१९-२०मध्ये गुरू आकाशाच्या दक्षिण भागात होता. टिलबर्गहून तो क्षितिजाच्या जेमतेम सतरा अंश वर येई, म्हणजे शेजाऱ्याच्या कौलांवर आणि वातावरणाच्या सगळ्यात जाड थरात. त्याच काळात पुण्याहून तो पन्नास अंशांच्या आसपास चढे. पावसाळा सोडला तर आपल्याकडच्या रात्री स्वच्छ. शिवाय युरोप आणि फिलिपिन्स यांच्यामधल्या रेखांशावरचा माणूस साखळीत हवाच असतो. आपल्यापैकी पुष्कळजण दर एक-दोन वर्षांनी महिनाभर घरी जातात. सामानात लॅपटॉप असतोच. भाचरांसाठी चॉकलेटांबरोबर एक लहान ग्रह-कॅमेरा नेला, तर गावाकडच्या शाळेतली किंवा मंडळातली एखादी दुर्बीण या साखळीत येऊ शकते.

अंगणात एक रात्र घालवायची असेल तर वहीत सहा गोष्टी लिहाव्यात: तारीख, जागतिक वेळ, ठिकाण, दुर्बीण, हवेची स्थिती आणि काय दिसले. मुलांना मी हेच सांगतो. त्यावर एका आठ वर्षांच्या मुलीने मला विचारले, "काका, काहीच नवीन दिसलं नाही तर काय लिहायचं?"

तेच लिहायचे. गुरूवर दर वर्षी किती दगड आदळतात याचा अंदाज बांधताना नुसत्या ठिणग्या मोजून भागत नाही. कुणीतरी पाहत असताना किती तास ठिणगी पडली नाही, हेही मोजावे लागते. मार्क देलक्रुआ या फ्रेंच हौशी निरीक्षकाने 'डिटेक्ट' नावाची प्रणाली त्याच कामासाठी चालवली. जगभरच्या चित्रफिती ती ठिणग्यांसाठी चाळते आणि काही न सापडलेले तासही जमेला धरते. हबलच्या वेळापत्रकात असे रिकामे तास बसत नाहीत. ते ज्यांच्याकडे आहेत त्यांनीच द्यायचे असतात. टिलबर्गच्या ढगाळ हिवाळ्यातून माझ्या वहीत असे फार थोडे तास जमतात. पण जे जमतात, त्यांच्यापुढे तारीख आणि वेळ लिहिलेली असते.